हायवेलगतच्या ग्रिल हॉटेलातला वाईन विभाग कसा तपासावा: खान्देशापुरतं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. धुळे-जळगाव पट्ट्यात हायवेलगत साठ-सत्तर खुर्च्यांचं उंची ग्रिल हॉटेल आहे. मेन्यूत स्टेक, चॉप्स, अख्खी रान (भाजलेली तंगडी). आणि पुढच्याच पानावर काळ्या मसाल्याचं मटण, भरीत, कळण्याची भाकरी. वाईनची ५४ नावांची यादी मोठ्या शहरातल्या सल्लागाराने करून दिली. वर्ष झालं तरी निम्म्या बाटल्या हललेल्या नाहीत, आणि ‘आपल्याकडे वाईन चालतच नाही’ असं मालकाचं मत होत चाललंय. हा विभाग तपासायचा तर सुरुवात कुठून करायची?

स्टोअररूमपासून. यादी सगळ्यात शेवटी हातात घ्या. पुण्या-मुंबईत यादी आधी वाचली तरी चालतं, कारण तिथे बाटली साधारण धड अवस्थेत असेल असं धरून चालता येतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे बाटली धड आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. यादी कितीही विचारपूर्वक केलेली असो, आतली वाईन उन्हाने शिजली असेल तर गिऱ्हाईक एकदा घेतं, तोंड वाकडं करतं आणि पुढच्या वेळी बिअर मागवतं. मालक म्हणतो, वाईन चालत नाही. खरं तर गिऱ्हाइकाला धड वाईन मिळालेलीच नसते.

तपासणी एप्रिल ते जून या काळात आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास करा. डिसेंबरात गेलात तर सगळं छानच दिसेल. कमाल-किमान तापमान नोंदवणारे तीन साधे थर्मामीटर घ्या आणि ४८ तास ठेवून द्या: एक स्टोअरमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, एक वाईन चिलरमध्ये, एक बार काउंटरमागच्या शोभेच्या रॅकवर. शिवाय वाईनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून ती इतर बाटल्यांबरोबर आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी ती उघडून आतल्या पाण्याचं तापमान घ्या. हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं; बाटलीतल्या द्रवाचं तापमान मात्र खोटं बोलत नाही.

आकड्यांचा हिशोब असा. १२ ते १४ अंश उत्तम. १८ पर्यंत स्थिर राहत असेल तर हॉटेलच्या कामाला पुरेसं. दोन-तीन महिन्यांत खपणारा माल २०-२२ वर ठेवला तरी फार बिघडत नाही. ३० च्या वर काही आठवडे गेले की वाईन उतरायला लागते, आणि ३५-४० मध्ये हे काम दिवसांत होतं. स्थिर २० परवडलं, पण दिवसा ३४ आणि रात्री २२ हे वाईट. कारण द्रव फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, आणि दरवेळी बूच जरा जरा हलून हवा आत जायला वाट होते. आट्यांचं झाकण असेल तर गळती टळते, पण उष्णतेने होणारं नुकसान टळत नाही. ‘स्क्रू कॅप आहे, काही होत नाही’ असं स्टोअरकीपर सांगतो, ते अर्धंच खरं.

चिलर चालू आहे म्हणजे थंड करतोय असं समजू नका. स्वस्त चिलर पुष्कळदा थर्मोइलेक्ट्रिक असतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. असा चिलर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५-२० अंशच खाली जाऊ शकतो. खोली ४२ वर असली की आत २४-२५ आणि समोरच्या डिस्प्लेवर ‘१२’ सेट केलेलं. कॉम्प्रेसरचा असेल तर मागची पट्टी वाचा. तिच्यावर हवामान-वर्गाचं अक्षर असतं: ‘एन’ असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. खान्देशात ‘टी’पेक्षा कमी घेऊच नये, आणि तोही तंदूरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. मागे हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा हवी, आणि जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने झाडलेली हवी. चिलर ‘काम करेनासा झाला’ तर मेकॅनिक बोलवण्याआधी ती जाळी बघा.

मग विचारा: वीज गेल्यावर काय होतं? जनरेटरवर डायनिंगचे दिवे, एसी, किचनचा एक्झॉस्ट असतो. चिलरची लाईन बहुतेक ठिकाणी जोडलेलीच नसते. चार तास वीज नसेल तर जनरेटरच्या आवाजात कुणाच्या लक्षातही येत नाही. लाईन बदलून घ्यायला इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस पुरतो, आणि पूर्ण तपासणीतली सगळ्यात स्वस्त सुधारणा बहुधा हीच असते.

मोठा चिलर परवडत नसेल तर आतली, पश्चिमेची भिंत नसलेली आठ बाय दहाची खोली घ्या, भिंतींना आणि छताला पफ पॅनल (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) लावा, दीड टनाचा स्प्लिट एसी आणि स्टॅबिलायझर बसवा. साधा एसी १६ वर सेट करूनही अशी खोली मेमध्ये १८-२० वर राहील. साठवायला तेवढं बास. कोल्ड्रिंकचा काचेच्या दाराचा कूलर व्हाईट आणि रोझे (गुलाबी वाईन) यांच्या रोजच्या मालासाठी चालतो, पण त्यात रेड महिनोन्‌महिने कोंबू नका, आणि आतला ट्यूबलाइट काढून टाका. पारदर्शक बाटलीतली रोझे आणि हलक्या रंगाच्या काचेतली स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाईन) प्रकाशानेही बिघडते. उकडलेल्या कोबीसारखा किंवा ओल्या लोकरीसारखा वास येतो. काउंटरमागच्या स्पॉटलाइटखालच्या शोभेच्या बाटल्या विकायच्या नाहीत असा नियमच करा. तिथे रिकाम्या बाटल्या लावा.

आता प्रत्यक्ष बाटल्या. शंभर बाटल्या असतील तर सगळ्या हातात घ्यायला अर्धा तास लागतो, तेवढा द्यावा. बुचावरचं आवरण बोटांनी फिरवून बघा. सहज फिरलं तर ठीक, चिकटून बसलं असेल तर आतून गळती झालेली असू शकते. बूच काठाच्या वर मिलिमीटर-दोन मिलिमीटर आलंय का? मानेवरून ओघळ सुकलाय का? शेजारच्या त्याच वाईनपेक्षा पातळी खाली आहे का? व्हाईट उजेडात धरा. चेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ फिकट, किंचित हिरवट झाक असलेली असावी. ती सोनेरी-तपकिरीकडे झुकली असेल तर बाजूला काढा.

मग सहा बाटल्या उघडायच्या: सगळ्यात जुन्या दोन व्हाईट, एक रोझे, एक स्पार्कलिंग, दोन रेड. आणि त्याच नावाच्या, त्याच वर्षाच्या ताज्या बाटल्या थेट नाशिककडच्या वायनरीतून आणून शेजारी ठेवायच्या. ही जोडी लावून चाखण्याची पायरी सोडू नका. एकट्या बाटलीवर ‘बरी आहे की’ असंच सगळे म्हणतात. शेजारी ताजी ठेवली की किचनमधला पोरगाही फरक सांगतो. शिजलेल्या रेडमध्ये ताज्या फळाऐवजी मुरांब्याचा, भाजलेल्या मनुक्यांचा वास येतो आणि चव सपाट लागते, मागे नुसता तुरटपणा उरतो. हवा लागलेल्या व्हाईटला कापून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास आला तर दोष बुचाचा. त्यात साठवणुकीची चूक नाही, ती बाटली पुरवठादाराला परत द्यायची. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका म्हणजे व्हिनेगरच्या वाटेवरची वाईन. काडेपेटी ओढल्यासारखा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास असेल तर घाई करू नका. ग्लास मिनिटभर फिरवा, बहुतेक वेळा उडून जातो.

सहापैकी दोन जरी शिजलेल्या निघाल्या तर तपासणी तिथेच थांबवा आणि आधी जागा दुरुस्त करा. पुढचं सगळं निरर्थक आहे.

स्टोअर चांगलं निघालं आणि वाईन तरी बिघडलेली, असंही होतं. तेव्हा माल कसा येतो ते विचारा. नाशिकहून धुळं मुंबई-आग्रा हायवेने दीडशेएक किलोमीटर, जळगाव आणखी पुढे. बंद टेम्पो दुपारी बाराला निघाला, वाटेत दोन ठिकाणी माल उतरवत चारला पोचला, की पत्र्याच्या डब्यात वाईन सगळी दुपार भाजलेली असते. उन्हाळ्यात माल पहाटे किंवा रात्री पोचेल असं पुरवठादाराशी ठरवून घ्या. आल्या आल्या एका खोक्यातल्या बाटलीला हात लावा. ती चांगलीच गरम लागली तर खोकं घेऊ नका. एकदा सही करून घेतलं की भांडायला जागा राहत नाही.

आपल्याकडे द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. म्हणजे २०२४ चं लेबल असलेली व्हाईट २०२४ च्या मध्यापासून बाजारात यायला लागते आणि तिची मजा पुढची दीड-दोन वर्षं. चेनिन आणि सोव्हिन्यों ताजेपणासाठी प्यायच्या असतात. ‘जुनी आहे, म्हणजे भारी’ हा हिशोब त्यांना लागू नाही, आणि या पट्ट्यात तर मुळीच नाही. मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याची तारीख असते. ती स्टॉक रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात लिहायला लावा. ओक पिंपात मुरवलेल्या रिझर्व्ह रेड चार-पाच वर्षं सहज टिकतात, पण थंड जागेत. गोणपाटावर आडव्या ठेवून नाही.

आता जेवण. अमेरिकेतल्या स्टेकहाऊसचा साचा कॅबर्ने सोव्हिन्यों या तुरट रेडवर उभा आहे, आणि त्याला कारण आहे. तिथलं मका खाऊन वाढलेलं गोमांस चरबीने विणलेलं असतं, त्यावर मीठ-मिरीशिवाय फारसं काही नसतं. रेड वाईनमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना पकडून तोंड कोरडं करतो. मांसातली प्रथिनं आणि चरबी तो झेलून घेतात आणि मीठ कडवटपणा दाबतं. म्हणून ती जोडी जमते. इकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी असल्याने स्टेक म्हणजे म्हशीवर्गाचं मांस. ते कमी चरबीचं असतं. बोकडाचं मटणही तसंच. आणि बाकी अर्ध्या मेन्यूवर तर मिरची आहे.

मिरचीची आग हा चवीचा भाग नाही, ती वेदना आहे, आणि अल्कोहोल ती वाढवतं. टॅनिनची तुरट ओढही त्या आगीवर चढते. १४ टक्के अल्कोहोलची, ओकवाली, कडक कॅबर्ने काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर दिली की रस्सा दुप्पट तिखट लागतो आणि वाईन कडू. दोघांचंही नुकसान. आग शमवतात तीन गोष्टी: गारवा, थोडा गोडवा आणि फळाचा स्वाद. म्हणून यादी तपासताना मी पहिला प्रश्न हा विचारेन: तिखट मटणाबरोबर चालेल अशी, थंड देता येईल अशी, किंचित गोडसर निदान एक तरी वाईन ग्लासने मिळते का? त्या ५४ नावांत २० कॅबर्ने असतील आणि अशी एकही नसेल, तर यादी दुसऱ्या कुठल्या तरी हॉटेलची आहे.

पदार्थागणिक बघा. काळ्या मसाल्यात कांदा-खोबरं करपेपर्यंत भाजलेलं, लवंग, मिरी, दगडफूल. त्या धुरकट-मसालेदार वासाशी शिराझ ही रेड छान बोलते, पण साधी, ओक नसलेली, आणि १५ अंशांपर्यंत गार केलेली. तर्री जास्त असेल तर रोझे किंवा हलकी गोडसर चेनिन. मीठ-मिरी लावून निखाऱ्यावर भाजलेल्या चॉप्सना आणि स्टेकला कॅबर्ने-शिराझ मिश्रण, सांजोवेजे किंवा माल्बेक. रिझर्व्ह रेडची खरी जागा मेन्यूतली हीच दोन-चार ओळी. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या भरिताला, त्यातल्या हिरव्या मिरचीला, कांद्याच्या पातीला सोव्हिन्यों ब्लाँ किंवा ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग. भरीत आणि स्पार्कलिंग ही जोडी मेन्यूवर ठळक छापावी अशी आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्याशेजारी नाशिकजवळच्या दिंडोरीची बाटली ठेवायला लाज कसली? शेवभाजीसोबत बिअरच बरी, हेही प्रामाणिकपणे सांगावं. आणि पुरणाच्या मांड्यासोबत तूप-दूधच वाढा, तिथे वाईन घुसवू नका. गोड पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली की ती आंबट पाण्यासारखी लागते, आणि पुरणाहून गोड वाईन आणणार कुठून?

नावांची संख्या हा निकष इथे चालत नाही. अमेरिकेतलं ‘वाईन स्पेक्टेटर’ मासिक १९८१ पासून हॉटेलांच्या वाईन याद्यांना पुरस्कार देतं आणि त्याच्या पहिल्या पायरीलाच नव्वदेक नावं लागतात. ते तिथल्या खपाला शोभतं. साठ-सत्तर खुर्च्यांच्या धुळ्या-जळगावच्या हॉटेलला १८ ते २२ नावं पुरतात. दोन स्पार्कलिंग, दोन चेनिन, दोन सोव्हिन्यों, एक व्हियोन्ये किंवा रिझलिंग, एक ओकवाली शार्दने, दोन रोझे, शिराझ दोन, कॅबर्ने-शिराझ दोन, सांजोवेजे किंवा तेम्प्रानियो एक, माल्बेक एक, परदेशी रेड दोन, शेवटी एक लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन). सुला, यॉर्क, व्हॅलोन, सोमा, रेव्हिलो, ग्रोव्हर झंपा, शाँदाँ, आणि अकलूजकडची फ्रटेली, एवढ्या वायनऱ्यांतून ही सगळी यादी भरते. परदेशी दोनच, कारण आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्क्यांच्या घरात राहिलेलं. तिकडे जी साधी टेबल वाईन असते ती इथे रिझर्व्हच्या भावात येते, आणि गिऱ्हाईक लेबलला पैसे मोजतं.

यादी खरी आहे का हे बघायचं असेल तर शनिवारी रात्री आठला तिच्यातली कुठलीही दहा नावं मागा. दोनपेक्षा जास्त ‘ती संपलीये साहेब’ आली तर यादी फक्त कागदावर आहे.

ग्लासच्या हिशोबाकडे मात्र नीट वेळ द्या, कारण पैसा इथेच मुरतो. समजा ७५० मिलीची बाटली ६०० रुपयांना पडली. १५० मिलीचे पाच ग्लास, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे १,५०० आले. खर्च ४० टक्के. एक ग्लास फेकला तर १,२०० आले, खर्च ५० टक्के. दोन फेकले तर ९००, आणि खर्च ६७ टक्क्यांवर. म्हणजे ग्लासने विक्रीत नफा-तोटा भावावर कमी आणि उघडलेली बाटली किती दिवसांत संपते यावर जास्त ठरतो. म्हणून ग्लासने चारच वाईन द्या: एक व्हाईट (स्पार्कलिंग नव्हे), एक रोझे, एक शिराझ, एक रेड मिश्रण. आठ ठेवल्या की आठही बाटल्या अर्ध्या उघड्या राहतात.

आणि माप १५० ऐवजी १२० ठेवा. बारमनकडे ६० मिलीचं माप असतंच. दोन मापं म्हणजे १२०. १५० म्हटलं की अडीच मापं, म्हणजे अंदाज, आणि अंदाज कायम गिऱ्हाइकाच्या बाजूने जातो असं नाही. १२० चे सहा ग्लास प्रत्येकी २५० रुपयांनी दिले तरी १,५०० च येतात, वर ३० मिली उरते ती रोज संध्याकाळी कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, चाखायची. शिवाय कमी ओतलेली वाईन गरम व्हायच्या आत संपते, हा इकडचा वेगळा फायदा.

उघडलेल्या प्रत्येक बाटलीच्या मानेवर चिकटपट्टी आणि त्यावर तारीख-वेळ. पट्टी नसलेली उघडी बाटली दिसली की तपासणीच्या कागदावर फुली. हवा काढायच्या पंपाचं बूच लावून फ्रीजमध्ये व्हाईट-रोझे तीन दिवस, रेडही फ्रीजमध्येच तीन दिवस. काउंटरवर ठेवलेली रेड उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच गेलेली असते. स्पार्कलिंगला हा पंप कधीच लावू नका, बुडबुडेच ओढून घेतो. तिला दाबाचं क्लॅम्पवालं बूच, आणि एकाच दिवसात संपवा. घोट कुठे गळतो हे शोधायचं तर किचनचा वजनकाटा पुरतो: रिकाम्या बाटलीचं वजन एकदा लिहून ठेवा, रोज रात्री उघड्या बाटल्या वजन करा. वाईनचा एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम. बिलातले ग्लास गुणिले १२० आणि काट्यावरचा फरक जुळला पाहिजे. एक्साईजचं रजिस्टर जुळतंच, ते जुळवलेलं असतं. काटा जुळतोय का ते बघा.

टेबलावर येताना वाईन किती अंशांवर आहे, याकडे मालकाचंही लक्ष नसतं. ‘रेड रूम टेम्परेचरला द्यावी’ हे वाक्य थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. आपली खोली मेमध्ये एसी लावूनही २६-२७ असते, आणि त्या तापमानाला रेडमधून आधी स्पिरिटचा भपकारा येतो. रेड १५ ते १८, रोझे आणि व्हाईट ८ ते १०, स्पार्कलिंग ६ ते ८. बादलीत नुसता बर्फ भरून बाटली वर टेकवलेली दिसली तर समजा शिकवलेलं नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडालेली. अशी बादली २८ अंशांची रेड आठ-दहा मिनिटांत जागेवर आणते, व्हाईटला वीसेक मिनिटं लागतात. ग्लास उचलून नाकाला लावा: भांडी घासायच्या साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास आला तर सगळी वाईन तशीच लागणार. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडतात. शेवटचं विसळणं आरओच्या गरम पाण्याने करा आणि सुती फडकं फक्त ग्लाससाठी वेगळं ठेवा.

वेटरची परीक्षा द्राक्षांची नावं विचारून घेऊ नका. ओळखीच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून बसवा आणि इथल्या टेबलावर खरोखर येणारा प्रश्न टाकायला सांगा: ‘दादा, ही गोड आहे का कडू?’ चुकीचं उत्तर: ‘सर, ही ड्राय आहे, फुल बॉडीड.’ बरोबर उत्तर: ‘भाऊ, ही गोड नाही, थोडी तुरट आहे, चॉप्सबरोबर छान लागेल. तुम्ही तिखट मटण घेताय ना, मग ही गुलाबी बघा, गार आहे, जरा गोडसर. दोन घोट चाखून बघा, नाही आवडली तर दुसरी आणतो.’ दोन घोट म्हणजे ३० मिली. त्याचा खर्च २४ रुपये. व्हिस्की पिणाऱ्या गिऱ्हाइकाला व्हिस्की सोडायला लावणारा वेटर नापास. त्याच टेबलावरची बायको, बहीण, तरुण पोरं, ज्यांना व्हिस्की नको आणि चौथ्यांदा फ्रेश लाईम सोडाही नको, त्यांच्याकडे वळणारा पास.

किंमत ठरवताना एक गोष्ट विसरली जाते: आपल्याकडे बाटलीवर छापील किंमत असते आणि गिऱ्हाईक ती वाचतं. छापील ९०० ची बाटली २,७०० ला लावली की चर्चा वाईनची होत नाही. स्वस्त बाटलीवर दुप्पट, मधल्यांवर पावणेदोन पट, महागड्यांवर दीड पट अशी उतरती आकारणी ठेवा; महाग बाटलीवर टक्का कमी असला तरी हातात रुपये जास्त राहतात आणि ती हलते. बिलावर दारूला जीएसटी नसतो, व्हॅट असतो. कॅप्टनला ते समजावून सांगता आलं पाहिजे, नाहीतर काउंटरवर वाद ठरलेला.

विक्रीच्या नोंदी गेल्या ९० दिवसांच्या घ्या आणि नावावार लावा. शून्य बाटल्या गेल्या ते नाव बाद, कितीही प्रतिष्ठेचं असो. उरलेला साठा ‘आजची बाटली’ म्हणून खरेदीभावाच्या थोडं वर काढून टाका. पण नोंदी वाचताना पंचांग शेजारी ठेवा. श्रावणात इकडे मटणाचा खप बसतो, कानबाईच्या दिवसांत तर घरोघरी शाकाहार. मागोमाग पितृपक्ष, नवरात्र. जुलै-ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या आकड्यांवरून वाईन चालत नाही असा निकाल काढला तर ग्रिलसुद्धा बंद करावं लागेल. त्या महिन्यांत ग्लासने चारऐवजी दोनच वाईन ठेवा. ड्राय डेची यादी बारमध्ये टांगलेली हवी, आणि १ ऑक्टोबरच्या रात्री साडेनऊनंतर ग्लाससाठी नवी बाटली उघडायची नाही. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद, त्याच्या आदल्या रात्रीही तेच.

उन्हाळ्याची मोठी ऑर्डर मार्चच्या मध्याआधी घेऊन थंड खोलीत लावून टाका: रेड जूनपर्यंत पुरेल एवढी, व्हाईट-रोझे दोन महिन्यांची. नंतर जून संपेपर्यंत लागेल तशी दोन-दोन खोकी, रात्रीच्या गाडीने.